पडला, की कोणी पाडला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या वेळा उच्चारली गेली आहे की तिचा आता कुळाचार झाला आहे. रस्त्यावर अपघात झाला, घरातला कर्ता माणूस पाय मोडून इस्पितळात पडला, की भेटायला येणारी मंडळी फळांच्या पिशवीबरोबर हा कुळाचारही घेऊन येतात. "माणूस वाचला ना, मग झालं तर!" ही पहिली समजूत. "ग्रह बरे नव्हते" ही दुसरी. आणि कोणी दबक्या आवाजात नुकसानभरपाईचा विषय काढलाच, तर "आता त्याच्या दुखण्यावर पैसे करायचे का?" हा तिसरा आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारा प्रश्न.

माझे भांडण या तिसऱ्या प्रश्नाशी आहे. कारण या एका प्रश्नाने घरातली माणसे ओशाळतात आणि कागदपत्रे गोळा करण्याचे काम पुढे ढकलतात. "आधी बरा होऊ दे, मग बघू" असे म्हणता म्हणता महिने जातात. तोवर रस्त्यावरच्या काचा झाडल्या गेलेल्या असतात, साक्षीदार गाव सोडून गेलेला असतो, दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण पुसले गेलेले असते. अपघाताने पाय मोडतो. पुरावा गेल्यावर घर मोडते. दुसरे नुकसान बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते, म्हणून त्याबद्दल लिहायचे.

पैसा कोणाचा?

शेजाऱ्याचा बैल आपल्या उभ्या पिकात शिरला तर आपण नुकसान मागतो. तेव्हा आपल्याला कोणी लोभी म्हणत नाही. ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे, हा गावच्या पारावरही पटणारा न्याय आहे. मोटारीच्या बाबतीत तर हा पैसा बहुधा चालकाच्या खिशातून येतच नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ज्याला आपण थर्ड पार्टी इन्शुरन्स म्हणतो तो, कायद्याने सक्तीचा आहे. आपण सारे वाहनधारक वर्षानुवर्षे त्याचा हप्ता भरतो. तो भरतो तो याच दिवसासाठी. मग ज्याचा पाय मोडला त्याने त्या पैशावर हक्क सांगितला, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांची नावे वर्तमानपत्रात येतात. जखमींची बोळवण "अन्य तिघे गंभीर जखमी" अशा एका ओळीत होते. पण त्या तिघांची खरी गोष्ट त्या ओळीनंतर सुरू होते: शस्त्रक्रिया, रजा, उसनवारी, गहाण पडलेले दागिने आणि मुलांच्या फीची चिंता.

दाव्याबद्दलची आणखी एक भीती सांगितली पाहिजे. लोकांना वाटते, कोर्टात जायचे म्हणजे सिनेमातल्यासारखा गुन्हा शाबीत करायचा. तसे नाही. चालकाला शिक्षा करायची तर फौजदारी न्यायालयात संशयाला जागा न ठेवणारा पुरावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मात्र पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. घटना अशी घडली असण्याची शक्यता अधिक आहे, इतके पटवले की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत बजावले आहे. दावा करायला फार लांबही जावे लागत नाही. अपघात कुठेही झाला असला, तरी आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अट एवढीच, की पारड्यात टाकायला काहीतरी हवे. रिकाम्या पारड्याला न्यायाधीश तरी काय करणार?

केस पेपरवरचे तीन शब्द

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे. धाकटा भाऊ मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. चौकात टेम्पोने त्याला बाजूने धडक दिली. टेम्पोवाला उतरून हात जोडू लागला, "दादा, पोलीस नको, औषधपाण्याचं मी बघतो." मोठा भाऊ धावत आला, रिक्षात घालून त्याला इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारले, काय झाले? घाबरलेला माणूस जे बोलेल तेच तो बोलला, "गाडीवरून पडला हो, लवकर बघा!" केस पेपरवर नोंद झाली: "दुचाकीवरून पडून दुखापत".

पुढे टेम्पोवाला फोन उचलेनासा झाला, तेव्हा फिर्याद दिली गेली आणि दावाही दाखल झाला. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत फार काही विचारले नाही. हे तीन शब्द वाचून दाखवले आणि एवढेच म्हणाले, की तुमचा भाऊ स्वतःच घसरून पडला, टेम्पो नंतर शोधून आणला. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने धडक डोळ्यांनी पाहिली होती आणि तो साक्षीला उभा राहिला, म्हणून निभावले. पण त्या तीन शब्दांचा खुलासा करता करता कितीतरी तारखा गेल्या.

आपल्या बोलण्यात अपघात "होतो", माणूस "पडतो", पाय "मोडतो". कोणी काही केले असे आपण म्हणतच नाही. घरात बोलताना हा मोठेपणा असेल. कागदावर मात्र त्याचा अर्थ असा होतो, की दुसरा कोणी नव्हताच. म्हणून जखमीला दाखल करताना जे घडले ते सरळ सांगावे: अमुक प्रकारच्या वाहनाने, अमुक ठिकाणी, अमुक वाजता धडक दिली. वाहनाचा नंबर अर्धाच आठवत असेल तर अर्धा सांगावा. इस्पितळाकडून पोलिसांना जाणारी मेडिको-लीगल नोंद झाली आहे ना, हे विचारावे. पोलिसांचे लचांड नको म्हणून अपघात लपवणे हा शहाणपणा नव्हे. फिर्याद उशिरा दिली एवढ्याच कारणाने दावा खोटा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे, हा दिलासा खरा. पण उशिराचे कारण सांगत बसण्यापेक्षा वेळेवर दिलेली फिर्याद केव्हाही बरी. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि घरी नेऊन निवांत वाचावी.

रस्ता फार लवकर विसरतो

जखमीला आधी इस्पितळात न्यावे, याबद्दल दुमत नाही. पण एक जण इस्पितळात गेला, तर दुसऱ्याने त्याच दिवशी घटनास्थळी जावे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाहनांची स्थिती, नंबर प्लेट, टायर घासल्याच्या खुणा, फुटलेल्या काचा, सिग्नल, दुभाजक, खड्डा, रस्त्यावरचे दिवे या सगळ्यांचे फोटो घ्यावेत. जवळून घ्यावेत तसे लांबूनही घ्यावेत. एखादी दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड त्यात येऊ द्यावा, म्हणजे जागा कोणती यावर वाद राहत नाही. पोलीस पंचनामा करतील तेव्हा आपले माणूस तिथे असले तर उत्तम. पंचनाम्यात वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूला लिहिले की उजव्या, यावर पुढे सगळा दावा फिरू शकतो.

दुकाने, पेट्रोल पंप, सोसायट्या, सगळीकडे आता कॅमेरे आहेत. पण त्यांतले चित्रण थोड्याच दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसले जाते. दुकानदाराला तोंडी विनंती करून भागत नाही. तारीख आणि वेळ लिहून एक अर्ज त्याला आणि एक पोलीस ठाण्याला द्यावा, पोच घ्यावी. चित्रणाची प्रत मिळाली तरी काम संपत नाही. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले, की मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल, तर प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र हवेच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट कलम ६३ मध्ये आहे. निवडणुकीच्या भांडणातून निघालेला हा नियम चौकातल्या पानपट्टीवरच्या कॅमेऱ्यालाही लागू पडतो.

आणि साक्षीदार! आपल्याकडे गर्दी लगेच जमते, पण नाव विचारले की पांगते. त्यात लोकांचाही दोष नाही, पोलिसांच्या फेऱ्यांची धास्ती जुनी आहे. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बळ दिले आणि पुढे मोटार वाहन कायद्यातच कलम १३४ अ आले. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला विनाकारण अडकवता येत नाही. हे समजावून सांगितले, तर माणसे आपणहून फोन नंबर देतात. दोन नंबर लिहून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

सुताराची वही आणि गृहिणीचा दिवस

इथवरचे पुरावे अपघात कसा झाला हे सांगतात. किती नुकसान झाले हे सांगणारे पुरावे घरातच असतात आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

एक उदाहरण मांडून पाहू. ३८ वर्षांचा एक सुतार आहे. महिन्याला सरासरी १५ हजार मिळवतो. अपघातात हात असा जायबंदी झाला, की कमाईची ४० टक्के क्षमता कायमची गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणकाचे कोष्टक घालून दिले, त्यात ३६ ते ४० वयाला गुणक १५ आहे. २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगार करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवावेत. गणित साधे आहे. १५ हजाराचे झाले २१ हजार, गुणिले १२ महिने, गुणिले १५, त्याचे ४० टक्के: १५ लाख १२ हजार रुपये.

आता हाच सुतार उत्पन्नाचा काहीही पुरावा देऊ शकला नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ८ हजार धरले, तर तेच गणित ८ लाख ६ हजार ४०० वर येते. फरक सात लाखांच्या वर गेला. हे सात लाख कशाचे? कामाची नोंद ठेवलेल्या एका वहीचे, बँकेच्या पासबुकाचे, लाकूड वखारीच्या पावत्यांचे, आणि "याने माझ्याकडे इतके काम केले" असे सांगायला येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांचे. नोकरदाराला पगारपत्रक मिळते. रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी, शिवणकाम करणारी बाई यांना स्वतःचे पगारपत्रक स्वतःच लिहावे लागते. ते अपघातानंतर लिहिता येत नाही.

घर सांभाळणाऱ्या बाईचे काय? तिची तर वहीही नसते. "ती घरीच असते" असे आपण सहज म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या एका निकालात गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे असे सांगितले, तेव्हा सरकारी वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीत बाई घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते आणि पुरुष ९७, असे आढळले होते. तेव्हा तिला दुखापत झाली तर स्वयंपाकाला बाई ठेवली, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला माणूस लावला, मुलांना डबा विकत घेतला, हे सारे लिहून ठेवावे. जिच्या कामाची घरात कधी मोजदाद झाली नाही, तिच्या कामाची मोजदाद निदान तिच्या आजारपणात तरी व्हावी.

बिलांचेही तसेच. औषधाची प्रत्येक मूळ पावती, एक्स-रेच्या फिल्म्स, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाचे भाडे, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, सारे तारखेनुसार एका फायलीत लावावे. मेडिक्लेमसाठी मूळ बिले द्यावी लागली, तर प्रती साक्षांकित करून ठेवाव्यात. उपचार स्थिरावले की अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. मात्र प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराची किंवा चालकाची रोजीरोटी पूर्ण जाऊ शकते, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नेमका मांडला आहे. शरीर किती टक्के गेले हे डॉक्टर सांगतील. काम किती टक्के गेले हे आपल्याला दाखवावे लागते.

हे घरच्यांनीच का करायचे?

कोणी विचारील, एवढी धावपळ दुःखात बुडालेल्या माणसांनीच का करायची? प्रश्न रास्त आहे, आणि कायद्याचे उत्तरही त्याच बाजूचे आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला प्राथमिक अपघात अहवाल द्यायचा आहे आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. जखमीला किंवा त्याच्या कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा लेखी नमुना दहा दिवसांत द्यायचा आहे. हे नीट अमलात आले, तर अर्धे काम आपोआप होईल. पण एकाच हवालदाराच्या माथ्यावर बंदोबस्त, समन्स, चोऱ्या आणि अपघात असे सगळेच असेल, तर फॉर्म भरायला त्याने वेळ कुठून आणायचा? अपघाताच्या तपासाला वेगळे, प्रशिक्षित मनुष्यबळ हवे. हक्कांचा तो कागद साध्या मराठीत छापलेला असावा आणि ठाण्याच्या कपाटाऐवजी इस्पितळाच्या खिडकीवर मिळावा. मागणी करण्यासारख्या गोष्टी या आहेत. त्या होईपर्यंत आपण आपली फाईल तयार ठेवायची आणि ठाण्यात जाऊन शांतपणे विचारायचे, "साहेब, तो हक्कांचा नमुना आणि अहवालाची प्रत आम्हाला मिळेल का?" विचारणाऱ्याचे काम पुढे सरकते, हा सरकारी कचेऱ्यांचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे.

मुदतही ध्यानात ठेवावी. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, अशी तरतूद त्याच सुधारणेबरोबर लागू झाली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण दुसऱ्याच्या खटल्याच्या भरवशावर आपली तारीख चुकवू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगितली पाहिजे. पुरावा गोळा करणे वेगळे आणि पुरावा तयार करणे वेगळे. फुगवलेले बिल, पढवलेला साक्षीदार, दुसऱ्याच गाडीचा नंबर, असले "उपाय" सुचवणारे लोक इस्पितळाच्या आवारातही भेटतात. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले होते. प्रत्येक खोट्या दाव्याची किंमत पुढच्या खऱ्या जखमीला मोजावी लागते. त्याच्याकडे मग सगळेच संशयाने पाहतात. आपल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, तर नव्हते म्हणावे. तिघे एका मोटारसायकलवर होते, तर तसे सांगावे. केवळ तिघे बसले होते म्हणून जखमीला दोषी धरता येत नाही, त्यामुळे अपघात घडला हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलेच आहे. खरे बोलून दावा बुडत नाही. खोटे उघडे पडले की खरेही त्याच्याबरोबर बुडते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. घरात अपघाताचा प्रसंग आला, तर कामांची वाटणी करताना एक काम आवर्जून नेमून द्यावे. एकाने रक्ताची बाटली आणावी, एकाने डबा पोचवावा, आणि कोणातरी एकाने, मग ती कॉलेजात जाणारी भाची असो वा निवृत्त काका, फक्त कागद सांभाळावेत. तारीखवार टिपण ठेवावे, पावत्या लावाव्यात, ठाण्यात जाऊन यावे. जखमीची सेवा म्हणतात ती हीसुद्धा आहे. आणि भेटायला आलेल्या कोणी "त्याच्या दुखण्यावर पैसे करताय का?" असे विचारलेच, तर त्या भाचीने न रागावता सांगावे, "नाही मावशी, दुखणं त्याचं आहे. खर्चही त्याच्याच माथी पडू नये, एवढंच बघतेय."